थंडीच्या आधीचा पाक

गेला हिवाळा सरता सरता मी माझ्या मधमाश्यांच्या दुसऱ्या नंबरच्या पेटीचं झाकण उचललं, तेव्हा आधी वास आला. आंबूस, ओला. पोळं धरणाऱ्या मधल्या तीन चौकटींवर माश्या जागच्या जागी बसलेल्या होत्या, पण हलत नव्हत्या. जवळ जाऊन पाहिलं तर कितीतरी माश्यांची डोकी रिकाम्या घरांत खुपसलेली आणि शेपटाकडचा भाग तेवढा बाहेर. घराच्या तळाशी चिकटलेलं शेवटचं काही चाटायला त्या आत शिरल्या होत्या. उपासमारीनं गेलेल्या वसाहतीची ही खूण आहे, हे मी ऐकून होते. पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा.

आणि कडेच्या चौकटींत साखरेचा पाक होता. मीच दिलेला. घरं काठोकाठ भरलेली, पण एकावरही मेणाचं झाकण नाही. पाक फेसाळला होता, काही ठिकाणी त्यावर काळी बुरशी धरली होती. पेटीच्या दाराशी आणि चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर तपकिरी डाग पडले होते. आंबलेलं खाऊन त्यांचं पोट बिघडलं होतं, आणि थंडीमुळे बाहेर उडून विष्ठा टाकणंही त्यांना जमलं नव्हतं.

म्हणजे त्या पेटीला मी खायला दिलं नव्हतं असं नाही. भरपूर दिलं होतं. पण दिलं ते रात्री गार पडू लागल्यावर, आणि साखर नि पाणी सारखं घेऊन, वसंतात देतात तसं पातळ करून. ज्यांच्याकडे मी हे काम शिकले ते काका ती चौकट हातात धरून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, तू त्यांना जेवण दिलंस, पण ते वाळवायला दिवस दिले नाहीस."

त्या वाक्यावर मी नंतर कागदावर हिशेब मांडला. माश्यांना पाक तसाच साठवता येत नाही. त्यातलं पाणी जवळजवळ १८ टक्क्यांवर आणल्यावरच तो टिकतो आणि त्यावर त्या झाकण घालतात. सारख्या भागांच्या १० किलो पाकात ५ किलो पाणी असतं. त्यातलं ४ किलोच्या आसपास त्यांना उडवावं लागतं. दोन भाग साखर नि एक भाग पाणी असा १० किलो पाक दिला तर उडवायचं पाणी २ किलोही भरत नाही, आणि साखर मात्र ५ ऐवजी साडेसहा किलोहून जास्त मिळते. उन्हाळ्यात हा फरक त्यांना जाणवत नसेल. पानगळ सुरू झाल्यावर तो जगण्यामरण्याचा होतो, कारण पाणी उडवायला ऊब लागते, ऊब टिकवायला साखर जाळावी लागते, आणि ते काम करणाऱ्या माश्या झिजतात.

या झिजण्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. पानगळीच्या सुमारास जन्मणाऱ्या माश्या वेगळ्या असतात. त्यांच्या पोटात चरबीचा नि प्रथिनांचा साठा असतो आणि त्या पाच-सहा महिने जगतात. वसंतातली पहिली पिल्लं त्याच वाढवतात. त्यांच्याकडून ऐन गारठ्यात पाक आटवून घेणं म्हणजे त्यांचं वसंतापर्यंत पुरवायचं आयुष्य आधीच खर्च करणं. मी नेमकं तेच केलं होतं.

म्हणून या वर्षी शेवटचा मध काढल्या काढल्या कामाला लागले. अजून दिवसा अंगाला घाम यायचा. फुलं संपत आली होती आणि माश्या नरांना दारातून बाहेर ढकलू लागल्या होत्या, तेवढीच काय ती ऋतू बदलल्याची खूण. मधाचे वरचे मजले सगळे उतरवले. हे आधी करावंच लागतं. मधाचा मजला वर असताना पाक दिला तर तो त्याच मजल्यात जाऊन बसतो, आणि पुढे त्यातून काढलेल्याला मध म्हणणं ही फसवणूक ठरते.

पाकाच्या आधी व्हरोआ, म्हणजे माश्यांच्या अंगाला चिकटणारी बारीक परजीवी कीड. माझ्या मते इथेच निम्मा हिवाळा ठरतो, आणि साखरेच्या गडबडीत याच कामाकडे दुर्लक्ष होतं. प्रत्येक पेटीतून, राणी त्यात नाही ना हे दोनदा पाहून, अर्धा कप म्हणजे साधारण ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेतल्या, वर पिठीसाखर टाकली, बरणी हलक्या हातानं घोळवली आणि साखर पांढऱ्या ताटलीत झटकली. माश्या पांढऱ्याफेक होऊन परत पेटीत गेल्या आणि बहिणींनी त्यांना चाटून साफ केलं. ताटलीत उरलेले तांबूस ठिपके मोजले. १०० माश्यांमागे ३ ही बहुतेक मधपाल धोक्याची रेघ मानतात. पहिल्या आणि चौथ्या पेटीत आकडा त्या रेघेच्या वर होता. हा जीव माशीच्या त्याच चरबीवर जगतो, जी तिला हिवाळ्यात लागणार असते. ज्या पिल्लांना तो घरात असतानाच टोचतो, त्या माश्या कितीही साखर घातली तरी वसंतापर्यंत पोचत नाहीत. मी पाचही पेट्यांना औषध दिलं, त्याची मुदत पूर्ण होऊ दिली, पुन्हा मोजलं, आणि मगच साखरेकडे वळले.

वजन कसं करायचं हे मला काकांनी दाखवलं. ते स्वतः पेटीच्या मागच्या बाजूला हात घालतात, बोटभर उचलतात आणि सांगतात, "ही बसेल," किंवा "हिला दे." त्यांच्या हातात चाळीस वर्षं आहेत. माझ्या हातात नाहीत. म्हणून मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा घेतला. पेटीच्या तळाला एका बाजूनं हूक अडकवायचा, ती बाजू जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकी उचलायची, आकडा वाचायचा. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन्हींची बेरीज म्हणजे पेटीचं वजन, थोडंफार इकडेतिकडे. माझ्या पेट्या लँगस्ट्रॉथ पद्धतीच्या, दहा-दहा चौकटींचे दोन मजले. लाकूड, चौकटी, मेण, झाकण मिळून २४ किलो, माश्या, पिल्लं, पराग मिळून आणखी ५ धरले. म्हणजे २९ किलोच्या वर जे काही ते खाणं. माझ्या पेट्यांना चार महिन्यांहून जास्त काळ बाहेर काही मिळत नाही, त्यासाठी मी २२ किलो साठा हवा असं ठरवलं. याहून कडक हिवाळ्यात लोक ३०-४० किलोही ठेवतात. माझं लक्ष्य ५१ किलो.

पहिली पेटी ४१ भरली. दुसरी, म्हणजे त्याच मेलेल्या वसाहतीच्या लाकडात, जुनी पोळी काढून, आतून जाळून-खरवडून साफ केल्यावर, वसंतात वाटणी करून बसवलेली नवी वसाहत, ३६. तिसरी ४६. चौथी ३८. पाचवी एकमजली होती आणि तिच्यात तीन चौकटींपुरत्याच माश्या, खाणं तीन-चार किलो.

पाचवीसमोर मी दोन संध्याकाळी नुसती बसून होते. तिला पाक द्यावा असंच मन म्हणत होतं. लहान वसाहतीची दया येते. पण हिवाळ्यात माश्या ऊब धरतात ती गर्दीच्या जोरावर. बाहेर १४ अंशांच्या आसपास गार झालं की त्या गोळा करून बसू लागतात, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि गोळ्याच्या आत ऊब निर्माण करतात. गोळा लहान असेल तर त्याचं अंगच जास्त उघडं पडतं, प्रत्येक माशीला जास्त जाळावं लागतं, आणि शेजारच्या चौकटीवर साठा असला तरी तिथवर सरकण्याइतकी ऊब उरत नाही. हाताच्या अंतरावर मध ठेवून वसाहती मरतात त्या अशा. पाकानं माश्या वाढत नाहीत, निदान या ऋतूत तरी पुरेशा नाहीत.

म्हणून पाचवी मी दुसरीत मिसळली. पाचवीची राणी थकलेली होती, तिची अंडी विखुरलेली पडत होती. तिला काढलं. ते कसं केलं ते लिहीत नाही, पण हात थरथरला होता. संध्याकाळी दुसऱ्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरला, त्याला दोन-चार बारीक चिरा दिल्या आणि वर पाचवीचा मजला ठेवला. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडत हळूहळू एकमेकींत मिसळतात, तोवर वास एक झालेला असतो, म्हणून भांडत नाहीत. तिसऱ्या दिवशी पेटीच्या दाराशी कागदाचा चुरा पडला होता. आठवड्यानं रिकाम्या चौकटी काढून पुन्हा दोन मजल्यांवर आणली.

आता हिशेब. पहिलीला १० किलो कमी, दुसरीला पाचवीची शिदोरी धरून १२, तिसरीला ५, चौथीला १३. एकूण ४० किलो. एका किलो साखरेमागे मी १.२ किलो साठा धरते, कारण साठ्यात थोडं पाणी राहतं, पण काही साखर माश्या कामासाठी वाटेतच खातात. म्हणजे ३४ किलो साखर, १७ लिटर पाणी. एवढ्यातून साधारण ३८ लिटर पाक होतो. हा आकडा आधी काढल्याशिवाय बादल्या कमी पडतात.

साखर पांढरी, साधी, दाणेदार. गूळ, ब्राऊन शुगर, काकवी यांतलं काहीही नाही. आपल्याला जे पौष्टिक म्हणून आवडतं, तेच क्षार माश्यांच्या आतड्यात साठत जातात. हिवाळ्यात त्या आठवडेच्या आठवडे विष्ठा धरून बसतात, आणि न पचणारं जितकं जास्त तितकी हगवण लवकर.

पाक म्हटलं की हात आपोआप गॅसकडे जातो. माश्यांचा पाक तार येईपर्यंत उकळायचा नसतो, मुळात पाक म्हणून तो उकळायचाच नसतो. मी पाणी तेवढं तापवते, भांडं खाली उतरवते आणि मग साखर ओतून ढवळते. आधी दूधट दिसतं. ढवळत राहिलं की हळूहळू निवळतं, आणि भांड्याचा तळ दिसू लागला की झालं. साखर घातल्यावर उकळत ठेवली तर ती करपू लागते. मी गेल्या वर्षी आणखी एक गोष्ट केली होती. लिंबाचा रस पिळला, त्यानं पाकात खडे धरत नाहीत असं ऐकलं होतं म्हणून. आंबट घालून तापवलं की साखरेतून हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल नावाचं द्रव्य तयार होतं, आणि ते माश्यांना विषारी आहे. साखरेची ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोड करायला माश्यांच्या लाळेत स्वतःचं इन्व्हर्टेज असतं. त्यांना माझ्या लिंबाची गरज नव्हती.

खड्यांचं म्हणाल तर दोनास एक हा पाक काठावरचाच असतो. २० अंशांना एका लिटर पाण्यात दोन किलोच्या जेमतेम वर साखर राहू शकते, त्याहून गार झालं की तळाला दाणे बसायला लागतात. म्हणून मी एका वेळी दोन दिवसांपुरताच करते आणि कोमट असताना देते.

गेल्या वर्षी उघड्या ताटात पाक ठेवून त्यावर काड्या तरंगत सोडल्या होत्या. रोज सकाळी मूठभर माश्या बुडालेल्या मिळायच्या. या वेळी बादल्या केल्या. घट्ट झाकणाच्या पाच लिटरच्या बादल्या, झाकणाच्या मधोमध बारीक सुईनं पाडलेली तीस-चाळीस भोकं. बादली पाकानं पूर्ण भरायची, झाकण लावायचं आणि उलटी करायची. थोडा वेळ ठिबकते, मग आत पोकळी धरते आणि थांबते. हे उलटं करणं पेटीपासून लांब, दुसऱ्या बादलीवर करायचं. तो थांबेपर्यंतचा अर्धा पेला पाक पेटीशी सांडला की काय होतं ते पुढे सांगते. मग आतल्या झाकणाच्या भोकावर बादली ठेवायची, भोवती रिकामा मजला, वर घट्ट झाकण. माश्या खालून येतात, भोकांना जीभ लावून लटकत पितात. एकही बुडत नाही.

पहिल्या वेळी मी बादलीखाली दोन काड्या ठेवून चांगलं दोन सेंटिमीटर अंतर सोडलं, मोकळं वाटावं म्हणून. चार दिवसांत त्या जागेत त्यांनी पांढरंशुभ्र पोळं बांधून टाकलं. लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ साली ज्या पेटीचं पेटंट घेतलं तिचं सगळं गमक हेच आहे: ६ ते ९ मिलिमीटर वाट सोडली तर माश्या ती ये-जा करायला ठेवतात, त्याहून मोठी दिसली की बांधायला घेतात. मी चौकटींच्या बाबतीत हे पाळत होते, बादलीच्या बाबतीत डोक्यात आलं नाही. ते पोळं खरवडताना जीव कळवळला, मेण करायला त्यांनी तोच पाक जाळला होता. मग पातळ पट्ट्या लावल्या.

बादलीची दुसरी खोड चौथ्या पेटीनं दाखवली. बादली निम्मी रिकामी झाली की वर हवा साठते. रात्री गार, दुपारी ऊन, असे दिवस होते. उन्हानं ती हवा फुगली आणि पाक खाली ढकलला गेला. संध्याकाळी झाकण काढलं तर मधल्या माश्या ओल्या, चिकट, पंख अंगाला चिकटलेल्या. मेल्या नाहीत, एकमेकींनी चाटून कोरड्या केल्या. त्यानंतर मी बादली निम्म्यावर आली की काढून पुन्हा काठोकाठ भरू लागले, आणि चौथीच्या झाकणावर सावलीला फळी टाकली.

आता तो सांडलेला पाक. पाक द्यायचा तो दिवस मावळताना, हा नियम मला तोंडपाठ होता. एका दुपारी घाई होती, संध्याकाळी घरी नसणार होते, म्हणून अकराच्या उन्हात बादल्या घेऊन गेले. चौथीच्या पुढ्यात बादली घसरली आणि लिटरभर पाक गवतावर गेला. वीस मिनिटांत हवेचा आवाज बदलला. जिनं पूर्वी ऐकलाय तिला तो लगेच कळतो, वरच्या पट्टीतला, तडतडीत. चौथीच्या दारावर माश्या एकमेकींना धरून लोळत होत्या, काही पेटीच्या कोपऱ्यांतल्या फटी हुंगत होत्या. लुटणाऱ्या माश्या आत शिरताना थेट उतरत नाहीत, दारासमोर डावीउजवीकडे झुलत राहतात. काहींच्या अंगावरची लव गेलेली, काळ्या तुकतुकीत. इतर तिन्ही पेट्यांतून त्या आल्या होत्या.

यामागचं कारण माश्यांच्या नाचात आहे. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली ज्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यात त्यांनी दाखवलं की खाणं लांब असेल तर माशी आपल्या नाचातून दिशा आणि अंतर सांगते, पण अगदी जवळ असेल तर गोल गोल फिरते, आणि त्याचा अर्थ एवढाच की इथेच कुठेतरी आहे, शोधा. पेटीच्या दाराशी पाक सांडला की शेकडो माश्या बाहेर पडून जवळचं सगळं धुंडाळतात, आणि जवळ असतं ते शेजारणीचं घर. बादली पेटीच्या आत असली तरी हेच होतं. रात्री मात्र शोधायला बाहेर पडता येत नाही, आणि सकाळपर्यंत खळबळ शमलेली असते. संध्याकाळच्या नियमाचा हा अर्थ मला त्या दुपारी समजला.

चौथीचं दार गवत कोंबून एक माशी जाईल एवढं केलं. वर ओली चादर टाकली, कडा जमिनीपर्यंत. बाकीच्या पेट्यांची दारंही लहान केली. गवतावर पाणी ओतत राहिले, पाक धुऊन मुरेपर्यंत. दीड तासानं आवाज उतरला. दाराशी मेलेल्या माश्या मोजल्या नाहीत, पण ओंजळभर होत्या, आणि मेणाच्या झाकणांचा चुरा पडला होता, म्हणजे आतली बंद घरं फोडली गेली होती. वजन केलं तर चौथीतून जवळजवळ दीड किलो गेलं होतं. त्यानंतर दारं मी हिवाळ्यापर्यंत मोठी केलीच नाहीत, आणि कितीही घाई असो, दुपारी बादलीला हात लावला नाही.

पाक चालू असतानाच्या रात्री मी मुद्दाम पेट्यांजवळ जात असे. दाराशी माश्यांची रांग, शेपटं वर, पंख एकसारखे चाललेले, आणि आतून बाहेर ओला कोमट वारा. हात धरला की तळव्याला दमटपणा लागायचा. आत बाकीच्या माश्या पाकाचा थेंब जिभेवर घेऊन उलगडतात, पुन्हा गिळतात, पुन्हा उलगडतात, मग घराच्या भिंतीला पातळ थर लावून ठेवतात. काट्यावरही हे दिसलं. पहिल्या पेटीनं पाच लिटर, म्हणजे साडेसहा किलोहून जास्त पाक दोन दिवसांत संपवला. वजन तेवढंच वाढलं. आठवड्यानं पुन्हा तोललं तर वाढ ५ किलोच उरली होती. दीड-दोन किलो पाणी त्या पंखांनी बाहेर टाकलं होतं.

भराभर द्यायचं की थोडं थोडं, यावर मधपालांची मतं वेगळी आहेत. मी भराभर या बाजूची. रोज पेलाभर मिळालं की त्यांना बाहेर फुलोरा आलाय असं वाटतं, राणी अंडी वाढवते आणि आलेलं पिल्लांच्या तोंडी जातं. बादलीभर मिळालं की ते साठ्यात जातं. पण याचीही हद्द आहे, ती तिसरीनं शिकवली. तिला पाचच किलो हवे होते. पहिल्या बादलीनंतर चौकटी पाहिल्या तर पिल्लं बाहेर पडून रिकामं झालेलं प्रत्येक घर पाकानं भरलेलं, राणी जागा शोधत फिरत होती. हिवाळ्याच्या लांब आयुष्याच्या माश्या नेमक्या त्याच आठवड्यांत जन्मायच्या असतात. तिची बादली लगेच काढली, मधोमध एक रिकामं बांधलेलं पोळं दिलं. तीन दिवसांनी त्यात अंडी होती.

चौथ्या आठवड्यात रात्रीचं तापमान ६-७ वर येऊ लागलं. पाक १० अंशांखाली गेला की माश्या त्याला तोंड लावेनाशा होतात. पहिली आणि चौथी तोवर ५१ ला पोचल्या होत्या. दुसरी ४८ वर थांबली. बादलीत पाक तसाच, वर एकही माशी नाही. गेल्या वर्षी याच जागी मी पाक कोमट करून पुन्हा पुन्हा देत राहिले होते.

या वर्षी बादली काढली. उन्हाळ्यात पहिल्या पेटीतून झाकणबंद मधाच्या दोन चौकटी काढून मी फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या, मेणअळी लागू नये म्हणून. त्या दिवसभर घरात ठेवून उबेला आणल्या आणि दुसऱ्या पेटीत माश्यांच्या गोळ्याला लागून बसवल्या. पाच किलोच्या आसपास. वाळवायचं नाही, झाकायचं नाही, तयार. चौकट माझ्याच निरोगी पेटीची होती म्हणूनच दिली. दुसऱ्या कुणाचा मध माश्यांना देऊ नये, त्यात पिल्लं कुजवणाऱ्या रोगाचे, अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू असू शकतात, आणि ते कित्येक दशकं जिवंत राहतात.

मग उंदीर शिरू नयेत म्हणून दारांना जाळी, वरच्या बाजूला दमट हवा जायला बारीक वाट, आणि वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून दगड. त्यानंतर पेटी उघडायची नाही.

पहिले दोन महिने वजन फार उतरत नाही. पिल्लं नसतात, गोळा शांत असतो. मला आधी वाटायचं की कडाक्याच्या थंडीत जास्त खातात. जास्त खातात ते दिवस मोठे होऊ लागल्यावर, राणी पुन्हा अंडी घालायला लागते आणि पिल्लांसाठी मधला भाग ३४-३५ अंशांवर ठेवावा लागतो तेव्हा. बाहेर अजून काहीच नसतं. गेल्या वर्षीची दुसरी पेटीही याच दिवसांत गेली असणार.

आज त्याच दिवसांतला एक आहे. सकाळी काटा घेऊन फिरले. पहिली ४२. तिसरी ४३. चौथी ३५.५, म्हणजे खाणं सहा-साडेसहा किलो आणि अजून महिना काढायचा आहे. तिला परवाच सव्वा किलोची साखरेची घट्ट वडी चौकटींवर, गोळ्याच्या अगदी डोक्यावर ठेवली. झाकण पाच सेकंदांहून जास्त उघडं ठेवलं नाही. वडीच्या कडेनं आज चाटल्याच्या खाचा दिसल्या. उरलेला पाक बाटल्यांत आहे, फुलं यायला लागली की पाणी घालून पातळ करून देईन.

दुसरी ४३ किलो ४००. वहीत गेल्या वर्षी याच तारखेपुढे दुसऱ्या पेटीचा रकाना कोरा आहे. तेव्हा मी वजन करत नव्हते.